वेल्ड्रानच्या आबांचा दहावा

सोमवारी सकाळी हनुमंत कोळपे शिरूरच्या तहसील कचेरीत शिरला तेव्हा सगळा स्टाफ आपापल्या टेबलामागे उभा होता. अचानक तपासणी आली की काय, या भीतीने तोही दारातच उभा राहिला. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. अशी दोन मिनिटं गेल्यावर अव्वल कारकून पुढे आले, त्यांनी हनुमंतच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "कोळपे, वय काय होतं?"

"कुणाचं?"

"आबांचं."

ही बातमी कचेरीपर्यंत पोचेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. जरा वेळ मिळाला असता तर त्याने काहीतरी थाप मारली असती, पण दचकलेल्या माणसाच्या तोंडून नेमकं खरं बाहेर पडतं. "तीनशे दहा," तो म्हणाला.

"धक्का बसलाय त्यांना," मागून कुणीतरी कुजबुजलं. "पाणी द्या."

"गाव कुठलं म्हणायचं?" अव्वल कारकुनांनी विचारलं.

"वेल्ड्रान."

"कर्जतकडं आलं का ते?"

"त्याच्याही पलीकडं," हनुमंत म्हणाला आणि मटकन खुर्चीत बसला. त्या दिवशी त्याला न मागता अर्ध्या दिवसाची रजा मिळाली. एकवीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं, आणि तेही कॉम्प्युटरच्या गेममधल्या एका म्हाताऱ्यापायी.

त्याचं झालं होतं असं. सन दोन हजार सहा. कारकुनांनी कॉम्प्युटरची परीक्षा पास व्हायलाच हवी असं फर्मान वरून सुटलं होतं. चव्वेचाळीसाव्या वर्षी हनुमंतने घरी कॉम्प्युटर आणला, क्लासला गेला, बावन्न मार्क मिळवले आणि त्या विषयावर पडदा टाकला. कॉम्प्युटर मात्र बाहेरच्या खोलीत राहिला. क्लासमधला त्याचा सोबती मच्छिंद्र दौंडच्या रेल्वे मालधक्क्यावर नोकरीला होता. त्याने एक सीडी दिली होती. "माउसवर हात बसतो साहेब," तो म्हणाला होता. ती 'वेल्ड्रान' नावाच्या गेमच्या चौथ्या भागाची सीडी होती. जंगलं, किल्ले, ड्रॅगन, तलवारी, आणि त्यातून आपल्याला वाट दाखवणारा हॅल्बर्न नावाचा एक म्हातारा मेंढपाळ.

हनुमंतची आई म्हाळसाबाई मागच्या खोलीत असायची. अकरा वर्षांपूर्वी तिचे मालक भैरू कोळपे वारले, तेव्हापासून ती बाहेरच्या खोलीत बसलेली कुणी पाहिली नव्हती. विचारलं तर उत्तर, नाही विचारलं तर गप्प. एका संध्याकाळी कॉम्प्युटरमधून मेंढरांच्या घंटा वाजल्या आणि ती दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर हॅल्बर्न काठी टेकत टेकडी चढत होता. डोक्याला फडकं, खांद्यावर जाडजूड वस्त्र.

"ह्यो घोंगडी आपल्यावानी टाकतो," ती म्हणाली आणि खाली बसली.

हॅल्बर्न हे नाव काही तिला जमलं नाही. पहिल्या दिवसापासून ती त्याला आबाच म्हणायला लागली. गेममधली माणसं काय बोलतात ते खाली इंग्रजीत उमटायचं आणि हनुमंत ते मराठीत वाचून दाखवायचा, कारण आईला अक्षरओळख नव्हती. लोडशेडिंगने सवड दिली की सात वाजता बैठक भरे. आबांचं एखादं बोलणं ऐकून आई हसायची आणि मग आपल्याच तरुणपणातल्या मेंढरांच्या, रानातल्या मुक्कामाच्या गोष्टी सांगायची. हनुमंतला ड्रॅगनशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. आई बोलत होती, एवढंच त्याला पुरत होतं. शेजारचे मारुतराव, एसटीतून रिटायर झालेले वाहतूक नियंत्रक, घरून खुर्ची घेऊन यायचे. त्यांच्या धुरपदाबाई खुर्चीशिवाय यायच्या.

आणि शेवटच्या दिवशी, ड्रॅगनच्या दारात, आबा पडले.

आई रडली नाही. ती उठली, आत गेली आणि कुकरखालचा गॅस बंद केला. "आज हितं काय शिजायचं न्हाई."

"आई, गेम आहे तो," प्रतिभा, हनुमंतची बायको, म्हणाली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि कुठलीही गोष्ट दोनदा समजावून सांगायची तिला सवय होती. "खोटा आहे."

"म्हाईत हाय मला. खोटाच हुता. पर मेला का न्हाई?"

तासाभराने धुरपदाबाई पिठलं-भाकरीचं ताट पदराखाली झाकून घेऊन आल्या. ज्या घरात माणूस गेलं तिथे शेजारणीने कडू घास न्यायचा, ही रीत त्यांनी आजवर कधी चुकवली नव्हती. झाकलेलं ताट कुठल्या दारात शिरलं हे गल्लीने पाहिलं, आणि सकाळपर्यंत ते कचेरीलाही कळलं.

हे सगळं इथेच मिटलं असतं. पण दहाव्या दिवशी आईने गच्चीच्या कठड्यावर पत्रावळ मांडली. भात, पिठलं आणि वर चिमूटभर तंबाखू. "नदीवर जायाचं न्हाई एवढं मला कळतं," ती म्हणाली. "पर कावळ्याला घास ठिवाया काय जातंय?" दहा मिनिटांत आटपायचं या अटीवर हनुमंत गच्चीवर आला. केबलच्या वायरवर तीन कावळे बसले होते. ते पत्रावळीकडे बघत राहिले आणि अर्धा तास झाला तरी जागचे हलले नाहीत.

मारुतरावांनी सूत्रं हातात घेतली. "काय तरी मागं राहिलंय त्यांचं. शबुद द्यावा लागंल." कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा अडकली, आणि ती पुरी करायचं वचन मागच्यांनी बोलून द्यायचं, हे हनुमंतलाही ठाऊक होतं. गेममधल्या माणसाला हा नियम लागू आहे का, एवढाच प्रश्न होता. "म्हणा, मेंढरं सांभाळू."

"मेंढरं सांभाळू," हनुमंत पुटपुटला.

"मोठ्यानं. कावळा लांब हाय."

"मेंढरं सांभाळू." शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई थांबून बघायला लागल्या. कावळे ढिम्म. राजाच्या मुलीचं लग्न लावून देऊ, किल्ल्याची डागडुजी करू, असे आणखी चार शब्द देऊन झाले. आई कावळ्यांकडे बघतसुद्धा नव्हती.

"ह्यांच्या टायमाला बी आला न्हवता," ती म्हणाली.

ते खरं होतं. भैरू कोळप्यांच्या दहाव्याला घोडनदीच्या काठी दोन तास वाट पाहून शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववावा लागला होता. त्या दिवशी काठावर आणखी तीन दहावे होते, कावळ्यांची पोटं भरलेली असणार, अशी हनुमंतने स्वतःची समजूत घातली होती. आत्ता त्याला त्याचं काही नव्हतं. दहा पंचवीस झाले होते, पावणेअकराला मस्टरवर सही व्हायला हवी होती. "बरं बाबा," तो वैतागून म्हणाला, "तुमचे मागचे भाग पण बघतो, मग तर झालं?"

मधला कावळा खाली आला आणि पिठल्यात चोच घालून उडून गेला.

"शबुद गेला," आई म्हणाली आणि पत्रावळ उचलायला वाकली.

कावळ्याला दिलेला शब्द कितपत बंधनकारक असतो यावर हनुमंतने पुढचा आठवडा घालवला. चौथा भाग त्याला जिवापाड आवडला होता आणि आईला त्याहून जास्त. जुना भाग भिकार निघाला तर त्या आठवणीवर पाणी पडायचं, आणि आई पुन्हा मागच्या खोलीत जाऊन बसायची. भीती ही होती. त्याने मच्छिंद्रला फोन लावला.

"साहेब, ऐका माझं, नका त्या वाटंला जाऊ," मच्छिंद्र म्हणाला. "दुसरा भाग हाय माझ्याकडं, एक्क्याण्णवचा. पाच फ्लॉप्या. माणसं चौकोनी. आवाज न्हाई, माउस चालत न्हाई. चौथा खेळलेल्या माणसाला त्यो बघवायचा न्हाई."

"आबा आहेत का त्यात?"

"हायेत की. तरणे हायेत."

प्रतिभाचं मत थोडक्यात होतं. "ज्या माणसाबद्दल आपलं मत चांगलं आहे, त्याची मागची चौकशी करू नये. मी केली असती तर आज कुठे असते." यावर जोरदार काहीतरी बोलायचं हनुमंतने ठरवलं होतं, पण दोन दिवस विचार करूनही ते सुचलं नाही. मारुतरावांनी प्रश्न आपल्या खात्याच्या दृष्टीने सोडवला. "तुम्ही मधल्या थांब्यावर गाडीत बसलाय, हनुमंतराव. मागं कंडक्टरनं कुणाला उतरवलं, का उतरवलं, तुम्हाला काय म्हाईत? पहिल्या थांब्यापास्नं बगा." तेव्हा सगळ्यांनी हे ऐकून सोडून दिलं.

आईने भिंतीवरच्या भैरूच्या फोटोकडे बघत नुसतं म्हटलं, "बघू दे की तरणेपणी कसे हुते." तिथे विषय संपला.

रविवारी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीने हनुमंत दौंडला गेला आणि पेढ्यांच्या खोक्यातून पाच फ्लॉप्या घेऊन आला. संध्याकाळी गल्ली जमली. गेम सुरू झाला, आणि पडद्यावर ड्रॅगनऐवजी एक प्रश्न आला. गेमसोबतच्या पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर तिसऱ्या ओळीतला पाचवा शब्द कोणता? तो टाकल्याशिवाय गेम पुढे सरकेना. चोरून प्रती काढणाऱ्यांना अडवायची ही जुनी युक्ती होती. हनुमंतने आयुष्यात रस्त्याच्या उलट्या बाजूने सायकल चालवली नव्हती, आणि आता आईसमोर मशीन त्याला चोर ठरवत होतं.

पुस्तिका दौंडलाच होती. फ्लॉप्यांचे मूळ मालक, रिटायर झालेले एक इंजिन ड्रायव्हर, ऑस्ट्रेलियाला मुलीकडे जाताना आपली सगळी पुस्तकं लायनीपलीकडच्या एका जुन्या क्लबाच्या वाचनालयाला देऊन गेले होते. दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती. हनुमंत पुन्हा दौंडला गेला. वाचनालयाचे कारकून चष्मा पुसत होते.

"एक शब्द हवा होता," हनुमंत म्हणाला.

"सभासद आहात?"

"नाही."

"दौंडचे रहिवासी?"

"शिरूरचा."

"मग शिरूरच्या वाचनालयात बघा."

"पण पुस्तक इथे आहे."

"पुस्तक इथे आहे हो, पण तुम्ही शिरूरचे आहात ना."

हनुमंत हादरला. उत्तराने नव्हे. ते वाक्य, तो सूर, मधेच चष्मा पुसणं, हे सगळं त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. एकवीस वर्षं तो हेच करत आला होता, फक्त टेबलाच्या त्या बाजूने. "अहो, एकच शब्द आहे. तुम्ही वाचून सांगा."

"पुस्तक देता येतं. इथे बसून वाचता येतं. शब्द सांगायची तरतूद नाही."

"बसून वाचायला काय लागतं?"

"अर्ज."

हनुमंतने अर्ज लिहिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथपर्यंत वाचल्यावर कारकुनांचा चेहरा निवळला. शब्द 'लँटर्न' होता. हनुमंत तो एसटीत वाटभर मनात घोळवत घरी आला, साऱ्या गल्लीच्या देखत त्याने तो टाकला, गेमने त्याचं स्वागत केलं आणि लाइट गेली. दोन तासांनी लाइट आली तेव्हा गेमला लँटर्नमध्ये काडीचा रस उरला नव्हता. आता त्याला बाविसावं पान हवं होतं. दर वेळी तो नवा शब्द मागणार होता, हे मच्छिंद्रने फोनवर हसत हसत सांगितलं. हनुमंतने त्याच्याशी आठ दिवस अबोला धरला.

चौथ्या शनिवारी तो फुलस्केप कागदांचा गठ्ठा घेऊन गेला आणि दिवसभर बसून त्याने बत्तीसच्या बत्तीस पानं उतरवून काढली. शेवटी कारकुनांनी गठ्ठा हातात घेतला, अक्षर निरखलं आणि न मागता प्रत्येक पानावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला. पंधरवड्यात त्याला मिळालेला हा एकमेव सन्मान होता.

गेम सुरू झाला. हिरव्या पडद्याच्या मधोमध एकावर एक चार तपकिरी चौकोन उभे होते.

"हे आबा?" मारुतराव म्हणाले.

"आजारी हुते का तवा?" धुरपदाबाईंनी विचारलं.

हनुमंत आईकडे बघायला धजेना. पण ती पुढे सरकली, डोळे बारीक करून बघत राहिली. "त्येच हायेत. बघ की, चालताना डावीकडं झुकत्यात." हनुमंतने पाहिलं. चौकोन खरोखरच डावीकडे झुकत होते. त्याला एवढं बरं वाटलं की त्याने मच्छिंद्रला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

पाच दिवस झकास गेले. या भागात आपणच तरणे हॅल्बर्न असायचो. आबांनी लांडगे मारले, विहीर शोधली, धाकट्या भावाला नदी पार करून आणलं. धाकटा भाऊ म्हणजे तीन निळे चौकोन. मग सहाव्या संध्याकाळी दोघा भावांचा बाप वारला, निळे चौकोन तपकिरी चौकोनांसमोर येऊन थांबले आणि खाली इंग्रजी मजकूर उमटू लागला. हनुमंतने तो मनात वाचला. पुन्हा वाचला.

आबांनी भावासमोर एक पत्र धरलं होतं. बापाने सगळं कुरण मला एकट्याला दिलंय, असं त्यात लिहिलं होतं. पत्र खोटं होतं आणि ते आबांनीच तयार केलं होतं.

"काय म्हणत्यात?" आईने विचारलं.

"भाऊ म्हणतोय," हनुमंतने घसा साफ केला, "मी जरा देश बघून येतो."

"आन् आबा?"

"सांभाळून जा म्हणाले."

दारात उभ्या असलेल्या प्रतिभाला इंग्रजी वाचता येत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. लग्नानंतर तिने त्याच्यावर केलेल्या उपकारांत हा मोठा होता. पडद्यावर प्रश्न होता, भावाला हाकलायचं का? वाय की एन? हनुमंतने एन दाबलं. प्रश्न पुन्हा आला. त्याने पुन्हा एन दाबलं. अकरा वेळा दाबलं. या गेममध्ये नाही म्हणायची सोय होती, पण ते कुणी मनावर घेत नव्हतं.

"गाडी जाग्यावरच हाय," मारुतराव म्हणाले.

"मशीन अडकलंय."

निळे चौकोन पडद्याच्या कडेला एक पांढरा ठिपका घेऊन उभे होते. तो ठिपका म्हणजे मेंढी होती. आई त्यांच्याकडे बघत होती. "हनुमंता," ती म्हणाली, "देश बघाया निघालेला माणूस असा मागं बघत थांबत न्हाई. खरं वाच."

"लिहिलंय तेच वाचतोय, आई."

"तुझा बाप बी शंभूला असंच वाचून दाखवत हुता."

हनुमंतचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. शंभू त्याचा चुलता. बत्तीस वर्षांपूर्वी तो गावचं, निमोण्याचं घर सोडून दौंडकडच्या राहू गावाला गेला, त्यानंतर जाणं-येणं नाही. बारा वर्षांच्या हनुमंतला बापाने सांगितलं होतं, काका देश बघायला गेला. मोठा झाल्यावर त्याला कळलं होतं की काका भांडखोर होता. त्याने दोन्ही गोष्टी मानल्या होत्या.

"दुष्काळानंतरची गोष्ट," आई पडद्याकडे बघतच म्हणाली. "मेंढरं सोडून जमीन करायची ठरली. ह्यांनी कागद आणला. विहिरीच्या परवानगीचा हाय म्हणून वाचून दाखवला. शंभूनं अंगठा केला. मी चुलीम्होरं हुते. मला वाचता येत न्हवतं, पर ह्यांचा आवाज वळखत हुते. आत्ता तुझा झाला ना, तसाच झाला हुता."

धुरपदाबाईंनी तोंडाला पदर लावला. मारुतराव खुर्चीतून उठले आणि जायचं कुठे हे न सुचून पुन्हा बसले.

"तू बोलली का नाहीस?" हनुमंतने विचारलं. त्याचाच आवाज त्याला परका वाटला.

"तवा न्हाई बोलले. दहाव्याला तरी बोलायचं हुतं. समद्यांनी समदं कबूल केलं, कावळा हलंना. काय कबूल करायचं ते माझ्या एकटीला म्हाईत हुतं. माझं तोंडच उघडलं न्हाई." तिने तपकिरी चौकोनांकडे बोट केलं. "म्हणून म्हनलं, निदान ह्या आबाचं तरी सगळं नीट करावं. तर ह्यो बी तसलाच निघाला."

मग तीच म्हणाली, "दाब आता. झालंय ते झालंय." हनुमंतने वाय दाबलं. निळे चौकोन पांढऱ्या ठिपक्यासह कडेच्या बाहेर गेले आणि हिरव्या पडद्यावर तपकिरी चौकोन एकटे राहिले.

दुसऱ्या दिवशी हनुमंतने रेकॉर्डच्या खोलीतून निमोण्याचे जुने फेरफार काढले. त्या गठ्ठ्याजवळून तो हजार वेळा गेला असेल. कागद सापडायला दहा मिनिटं लागली. विहिरीचं त्यात नाव नव्हतं. शंभूने जमिनीवरचा सगळा हक्क भैरूच्या नावे सोडला होता. खाली निळसर अंगठा होता, आणि अंगठ्याखाली ओळ, 'मजकूर वाचून दाखविला, बरोबर आहे.' ही ओळ हनुमंतने स्वतः किती कागदांवर लिहिली होती याचा हिशेब नव्हता. दुपारी त्याने जेवणाचा डबा उघडला नाही. अव्वल कारकून जवळ येऊन म्हणाले, "आबांची आठवण येते का?" हनुमंतने मान हलवली.

रविवारी तो आईला घेऊन राहूला निघाला. मारुतरावांना कुणी बोलावलं नव्हतं, पण वाटेत बदलायची गाडी त्यांनाच माहीत होती. शंभू कोळपे मेंढरांच्या जाळीपाशी बाजेवर बसले होते. सत्तरी उलटलेली, अंग काटक, बसणं थेट भैरूसारखं. त्यांनी वहिनीला बघितलं, हनुमंतला बघितलं.

"कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

एवढ्या वर्षांनी कुणी दारात आलं तर माणूस दुसरं काय विचारणार. हनुमंतने सांगायला सुरुवात केली आणि त्याच्या लक्षात आलं की हे कॉम्प्युटरपासूनच सांगावं लागेल. त्याने सांगितलं. आबा, कावळा, फ्लॉप्या, लँटर्न, निळे चौकोन. शंभूंनी एकदाही मधे तोंड घातलं नाही.

"मेंढी किती दिली म्हनला त्या भावाला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"एक."

"मला तीन दिल्या हुत्या." त्यांच्या आवाजात भैरूची बाजू घेतल्यासारखं काहीतरी होतं. मग त्यांनीच दुरुस्त केलं. "त्यातली एक लंगडी."

आई मान खाली घालून बसली होती. "भावजी, मी ऐकत हुते चुलीपशी," ती म्हणाली.

"व्हय. मी बगितलं हुतं तुमच्याकडं," शंभू म्हणाले. यावर ती रडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने, परक्या अंगणात. शंभूंनी तिला रडू दिलं.

हनुमंतने पिशवीतून कागद काढला. निमोण्याच्या अर्ध्या जमिनीला शंभूचं नाव परत लावायचा मसुदा त्याने स्वतः, उत्तम अक्षरात, तीनदा तपासून लिहिला होता. "काका, वाचून दाखवतो."

"तू नगं."

एकवीस वर्षांच्या नोकरीची शान त्या अंगणात जागच्या जागी आडवी झाली. शंभूंनी मारुतरावांकडे बोट केलं. "ह्यांना वाचू दे. ह्यांचा आपल्यात काय संबंध न्हाई." मारुतरावांनी कागद हातभर लांब धरला आणि स्टँडवर गाड्या पुकाराव्यात अशा आवाजात सबंध वाचला. मेंढरं कावरीबावरी झाली. हनुमंतने शाईचं पॅड पुढे केलं.

"त्ये ठिव," शंभू म्हणाले. "त्या सालीच सही शिकून घेतली." आणि त्यांनी जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.

भाद्रपदात भैरूच्या तिथीला शंभू शिरूरला आले. गच्चीच्या कठड्यावर पत्रावळ मांडली. केबलच्या वायरवर कावळे होते, बहुधा तेच. हनुमंत पुढे झाला आणि शेजारच्या गच्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बापाला म्हणाला, "आप्पा, काकांचं नाव लावायला कागद दिला." कावळे हलले नाहीत.

आईचा चेहरा उतरला. मारुतराव खाकरून पुढे सरसावले. "आणखी काय तरी आसंल. म्हणा..."

"काय म्हणू नगा," शंभू म्हणाले. ते कठड्याला टेकून आरामात खाली बसले होते. "बसू द्या त्याला उपाशी. मी बत्तीस वर्सं बसलो."

प्रतिभाच्या हातातला तांब्या तिरपा झाला तो तसाच राहिला. शंभूंनी चंची काढली, तंबाखू घेतली, चुना लावला आणि मळत बसले. घाई अजिबात नव्हती. पावणेअकरा झाले, मस्टर गेलं, हनुमंतने घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. कावळे बघत होते, शंभू मळत होते, आणि आई दोन्हींकडे बघत होती.

मग शंभूंनी चिमूट तोंडात टाकली. तळव्यावर उरलेली तंबाखू त्यांनी न्याहाळली, उठले, आणि ती भावाच्या पत्रावळीवर, भाताच्या शेजारी ठेवली.

"ये," ते म्हणाले.

कावळा खाली आला.

मारुतरावांनी सवयीने मनगट वर केलं. "पंचेचाळीस मिनिटं लेट," ते म्हणाले.

"बत्तीस वर्सं आन् पंचेचाळीस मिनिटं," आई म्हणाली आणि गॅस पेटवायला खाली गेली.